अस्थि आणि जन्मपत्रिका : वऱ्हाडांतील घरगुती कागदांच्या एका उपेक्षित उपयोगाविषयीं

१

भातकुली हें गांव अमरावतीपासून थोड्याच कोसांवर, पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यांत वसलेलें आहे. जैनांचें आदिनाथाचें क्षेत्र म्हणून त्याची ख्याति आहे. परंतु इतिहाससंशोधकास तें आणखी एका नात्यानें परिचित आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी श्रीकृष्णाकडून पराभूत झाल्यावर कुंडिनपुरास परतला नाहीं. त्यानें भोजकट नांवाचें नगर वसवून तेथेंच राहणें पत्करिलें, अशी पुराणकथा आहे. तें भोजकट म्हणजेच भातकुली असें मानण्याकडे विद्वानांचा कल आहे. भोजकट हें केवळ कथेंतील नांव नव्हे. वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याच्या अठराव्या राज्यवर्षांतील चम्मक येथील ताम्रपटांत भोजकट-राज्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मधुनदीच्या तीरावरील, राजमानानें ८००० भूमि भरणारें चर्मांक हें गांव १००० ब्राह्मणांस दिल्याचें तो ताम्रपट सांगतो.

जमिनीचें माप इतक्या काळजीनें नोंदणारा हा ताम्रपट त्या जमिनीवर राबणाऱ्या माणसांच्या देहाविषयीं मात्र मौन धरून आहे. भोजकटांतील मनुष्य किती उंच होता, तेथील मुलगी कोणत्या वर्षीं वयांत येई, तिचीं हाडें बळकट होतीं कीं ठिसूळ, हे प्रश्न कोणी विचारल्यास आपण संशोधक मंडळी बहुधा हंसण्यावारी नेऊं. असल्या गोष्टी वैद्यांच्या, आपल्या नव्हेत, असें म्हणूं. प्रस्तुत लेखाचा हेतु इतकाच कीं, या प्रश्नाचें उत्तर देण्याचें साहित्य अंशतः आपल्याच दप्तरांत पडून आहे, व तें रद्दींत जाण्यापूर्वीं त्याचें मोल ओळखलें जावें.

२

प्रथम हाडाची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. सुश्रुतानें हाडांचे पांच प्रकार सांगितले आहेत : कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक. यांपैकीं रुचक म्हणजे दांत, आणि तरुण म्हणजे आपण आज जिला कूर्चा म्हणतों ती. दांत व कूर्चा यांस त्यानें अस्थींतच गणिलें, म्हणूनच त्याची अस्थिसंख्या ३०० भरते. वाढत्या मुलाच्या मांडीचें किंवा नडगीचें लांब हाड पाहिलें असतां सुश्रुताची ‘तरुण’ ही संज्ञा किती समर्पक आहे हें ध्यानांत येतें. त्या हाडाच्या टोकाशीं कूर्चेची एक पातळ चकती असते. चकतीच्या एका अंगास नवी कूर्चा तयार होत जाते व दुसऱ्या अंगास तिचें हाड बनत जातें. अशा रीतीनें हाड लांबतें. मूल वयांत आलें म्हणजे ईस्ट्रोजेन नांवाच्या अंतःस्रावाच्या योगानें ही चकती हळूहळू झिजून शेवटीं हाडांत मिळून जाते, आणि उंची थांबते. ईस्ट्रोजेन हा स्त्रियांचा स्राव समजला जात असला तरी पुरुषांतहि चकती मिटविण्याचें काम तोच करितो.

वयांत येण्याच्या या काळांत हाड केवळ लांबत नाहीं, तें भरतेंहि. प्रौढ मनुष्याच्या अस्थिपंजरांत जेवढें खनिज द्रव्य असतें, त्यांतील सुमारें चतुर्थांश ऐन वाढीच्या दोन वर्षांत सांठतें. मात्र लांबी आधीं वाढते व भरणी मागाहून, सहा महिन्यांच्या ते वर्षाच्या अंतरानें, होते. घर उभें राहिलें परंतु भिंतींस अजून गिलावा व्हावयाचा आहे, अशी तेव्हां हाडांची स्थिति असते. या वयांतील मुलांचे हात वारंवार मोडतात त्याचें एक कारण हेंच होय.

आतां वयांत येण्यास उशीर झाला तर काय होतें? चकती उघडी राहते आणि हातपाय लांबत जातात. धडाची मुख्य वाढ वयांत येतांना होत असल्यामुळें तें मागें पडतें. म्हणून अशा माणसाचे हातपाय धडाच्या मानानें लांब दिसतात. हाडांचें वय देहाच्या वर्षांपेक्षां कमी भासतें, आणि भरणीचा काळ लांबणीवर पडल्यामुळें बळकटीस उणेपणा येण्याचा धोका राहतो. याचें टोंकाचें उदाहरण १९९४ साली अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. ईस्ट्रोजेनचा परिणामच ज्याच्या देहावर होत नव्हता असा २८ वर्षांचा एक पुरुष वैद्यांस आढळला. त्याची उंची २०४ सेंटिमीटर असून ती अजून वाढत होती. क्ष-किरणांनीं पाहतां त्याचीं हाडें १५ वर्षांच्या मुलाचीं दिसत, आणि तीं ठिसूळ झालेलीं होतीं.

साध्या विलंबाविषयीं मात्र तज्ज्ञांत मतभेद झाले. १९९२ साली असें प्रसिद्ध झालें कीं, उशीरां वयांत आलेल्या पुरुषांच्या मनगटाच्या व पाठीच्या हाडांची घनता इतरांपेक्षां कमी भरते. पुढें दुसऱ्यांनीं आक्षेप घेतला कीं, हाडाचा आकारच लहान असल्यामुळें घनता कमी भासते. आकारमान हिशेबांत घेतल्यास फरक राहत नाहीं. त्यानंतर पुष्कळ मोठ्या लोकसमूहांच्या आनुवंशिक तपासण्या झाल्या; त्यांचा कौल, उशीरां वयांत येणें व हाडांची घनता कमी असणें यांचा संबंध खरा आहे, याच बाजूचा आहे. ज्या स्त्रीस ऋतुप्राप्ति उशीरां होते तिला उतारवयांत हाड मोडण्याचें भय अधिक, असेंहि आढळून आलें आहे.

३

मृताच्या हाडांवरूनहि ही गोष्ट वाचतां येते. अठराव्या शतकांत इटलींत कोमल स्वर टिकावा म्हणून कांहीं मुलग्यांस वयांत येण्यापूर्वीं खच्ची करीत. अशा गायकांपैकीं फारिनेली (मृत्यु १७८२) याचे अवशेष २००६ साली व पाक्कियारोत्ती (मृत्यु १८२१) याचे २०१३ साली उकरून तपासण्यांत आले. पाक्कियारोत्ती एक्यायशीं वर्षांचा होऊन वारला. तरी त्याच्या नितंबास्थीच्या वरच्या कांठाची, सामान्य माणसांत पंचविशीच्या आंत मिटणारी, सांध पूर्ण मिटलेली नव्हती, आणि त्याचीं हाडें ठिसूळ झालीं होतीं. एकाच अस्थिपंजरांत पोराची खूण आणि म्हाताऱ्याची झीज! नुसत्या त्या एका सांधीवरून वय ठरविणारा परीक्षक साठ वर्षांनीं चुकला असता.

हें उदाहरण मनुष्याच्या क्रूरतेचें आहे. परंतु उपासमार हेंच काम सौम्य प्रमाणांत व लक्षावधि देहांवर करिते. पोटास पुरेसें अन्न नसेल तर देह वयांत येणें पुढें ढकलतो, हें आतां निर्विवाद आहे. युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुलींस सोळाव्या-सतराव्या वर्षीं ऋतु प्राप्त होई. अन्न व आरोग्य सुधारल्यावर तें वय तेराच्या आसपास आलें. इंग्लंडांतील मध्ययुगीन दफनभूमींतील कुमारवयीन अस्थिपंजर तपासणाऱ्यांनींहि, मनगटाचीं व बोटांचीं हाडें आणि नितंबास्थीचा कांठ पाहून, तेथील मुलींस सरासरीनें पंधराव्या वर्षाच्या सुमारास व लंडनसारख्या शहरांत कांहींस सतराव्यापर्यंत ऋतु प्राप्त होत असावा, असा निष्कर्ष काढला आहे.

या वाचनाची किल्ली दांतांत आहे. उपासमारीनें व अंतःस्रावांच्या बिघाडानें हाडांची वाढ जितकी खुंटते तितकी दांतांची खुंटत नाहीं. म्हणून वर्षें दांतांवरून मोजावयाचीं व वाढ हाडांवरून. दोहोंमध्यें जें अंतर पडेल तें त्या मुलानें सोसलेल्या हालांचें माप समजावयाचें. सुश्रुताचें ‘रुचक’ व ‘तरुण’ हे दोन प्रकार येथें एकमेकांचे साक्षीदार होतात. महाराष्ट्रांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेलीं ताम्रपाषाणयुगांतील मुलें तेथें मोठ्या संख्येनें मिळालीं, व त्यांच्या हाडांचा आणि दांतांचा अभ्यास ल्यूकाक्स व वाळिंबे यांनीं १९८६ साली ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. जेथें अक्षर नाहीं तेथें हाड हाच दस्तऐवज, ही गोष्ट अशा अभ्यासानें सिद्ध झाली आहे.

४

आतां कागदांकडे वळूं. आपल्याकडे ऋतुप्राप्ति ही खाजगी बाब नव्हती. ती धर्मशास्त्राची व पुढें कायद्याची बाब झाली. सुश्रुतानें ऋतुप्राप्तीचें वय बारा सांगितलें, परंतु स्त्रीचें पूर्ण सामर्थ्य सोळाव्या वर्षीं व पुरुषाचें पंचविसाव्या वर्षीं मानिलें. ऋतुप्राप्ति व देहाची पूर्णता यांत त्यानें चार वर्षांचें अंतर ठेविलें, हें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. पुढील काळांतील आचारानें हें अंतर पुसून टाकिलें, आणि ऋतु दिसतांच गर्भाधान, हा नियम झाला.

१८७१ साली केशवचंद्र सेन यांनीं मुलींच्या विवाहयोग्य वयाविषयीं नामांकित डॉक्टरांचीं मतें मागविलीं. त्यांत मुंबईचे डॉ. आत्माराम पांडुरंग यांनीं, ऋतुप्राप्ति ही विवाहयोग्यतेची खरी खूण नव्हे असें सांगून वीस वर्षांचें वय सुचविलें. बहुतेक इतर डॉक्टर सोळाच्या आसपास थांबले होते. १८९१ च्या संमतिवयाच्या वादांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व लोकमान्य टिळक यांची गर्भाधानविषयक वचनांच्या अर्थाबद्दल झालेली चकमक प्रसिद्धच आहे. सरकारी कायद्यास विरोध करणाऱ्या टिळकांनीं देखील, मुलीचें लग्न सोळा वर्षांच्या आंत करूं नये असा निर्बंध लोकांनीं आपण होऊन घालून घ्यावा, अशी सूचना केली होती. वाद होता तो निर्बंध कोणीं घालावा याविषयीं. १८६० च्या दंडसंहितेंत असलेलें दहा वर्षांचें संमतिवय १८९१ च्या मार्चमध्यें बारा झालें, व १९२५ मध्यें विवाहितेपुरतें तेरा झालें.

यापुढील पायरी वऱ्हाडच्या एका गृहस्थाच्या हातून घडली. अमरावतीचे नामांकित वकील व मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारांत गृहखात्याचे सभासद राहिलेले सर मोरोपंत विश्वनाथ जोशी हे १९२८-२९ च्या संमतिवय समितीचे अध्यक्ष होते. समितींत रामेश्वरी नेहरू व डॉ. बीडन या दोन स्त्रियाहि होत्या. विवाहितेचें संमतिवय पंधरा करावें, अशी समितीनें शिफारस केली. आणि १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरलें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें समितीची दुसरी एक शिफारस अधिक महत्त्वाची आहे : जन्म व विवाह यांची नोंद बिनचूक ठेविली जावी, असा आग्रह तिनें धरिला. वयाचा कायदा करणाऱ्यास वयाचा पुरावा कोठें आहे हा प्रश्न टाळतां येत नाहीं, हें मोरोपंतांसारख्या कसलेल्या वकिलास कोणीं सांगावयास नको होतें.

कारण पुरावा खरोखरच दुर्मिळ होता. खानेसुमारींत लोक आपलें वय वीस, पंचवीस, तीस असें पांचाच्या पटींत सांगत, हें प्रत्येक खानेसुमारीच्या अधिकाऱ्यास ठाऊक होतें. अशा वेळीं न्यायालयें हाडांकडे वळलीं. मनगट, कोपर व कंबर यांचीं क्ष-किरणचित्रें काढून वय सांगण्याची रीत पडली. परंतु जगभर वापरांत आलेला मनगटाच्या चित्रांचा प्रमाणसंग्रह तयार झाला तो अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहराच्या सुखवस्तु घरांतील मुलांवरून. वऱ्हाडांत १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले, आणि १८९१ ची सुमारें २९ लाखांची लोकसंख्या १९०१ मध्यें सुमारें साडेसत्तावीस लाखांवर आली. अशा वर्षांत वाढलेल्या मुलीचें हाड क्लीव्हलंडच्या मापानें तोललें तर तें तिला तिच्या वर्षांहून लहान ठरवील, यांत नवल तें काय? हाड खोटें बोलत नाहीं. परंतु तें वर्षें सांगत नाहीं, वाढ सांगतें. आपण प्रश्न एक विचारतों व तें उत्तर दुसऱ्याचें देतें.

ही गोष्ट न्यायासनासहि पटली आहे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानें, क्ष-किरणांवरून काढलेल्या वयांत दोन्ही बाजूंस दोन वर्षांची चूक संभवते, असें म्हटलें. २०१५ च्या बाल-न्याय कायद्यानें तर क्रमच लावून दिला आहे : प्रथम शाळेचा दाखला, नंतर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच अस्थिपरीक्षा. कागद आधीं, हाड मागाहून.

५

तेव्हां आमची सूचना अशी. ज्या घराण्याच्या दप्तरांत मुलीची जन्मपत्रिका आहे व त्याच मुलीच्या न्हाणाचा, मखराचा किंवा ऋतुशांतीचा खर्च कीर्दींत मांडलेला आहे, त्या घराण्यानें आपणांस न कळत शास्त्राचा एक दुर्मिळ आंकडा जपून ठेविला आहे. दोन तारखांची वजाबाकी केली कीं ऋतुप्राप्तीचें वय मिळतें. प्रथम रजोदर्शनाच्या तिथि, वार, नक्षत्रांवरून शुभाशुभ फल पाहण्याचा व अशुभ असल्यास शांति करण्याचा विधि कमलाकरभट्टाच्या निर्णयसिंधूंत (१६१२) व पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूंत (१७९०) दिलेला आहे. जो दिवस शास्त्रार्थासाठीं लक्षांत ठेवावा लागे, तो कोठेंतरी टिपलाहि जाण्याचा संभव असतो.

अर्थात् हीं साधनें घासून पुसून घ्यावीं लागतील. पत्रिका जुळावी म्हणून मुलीचें वय कमी दाखविण्याचा किंवा कुंडलीच बदलण्याचा प्रकार आपल्याकडे अपूर्व नाहीं. परंतु खोट्या कुंडलीस पकडण्याचें साधन कुंडलींतच आहे. शनीस राशिचक्र फिरण्यास सुमारें साडेएकोणतीस वर्षें व गुरूस सुमारें बारा वर्षें लागतात. दोघांची जोडी त्याच त्याच राशींत साधारण साठ वर्षांनीं परतते. म्हणून शक नसलेल्या कुंडलीचें वर्षहि गणितानें काढतां येतें, व शक असलेल्या कुंडलीचा खरेपणा तपासतां येतो. दुसरी अडचण अशी कीं, समारंभ प्रत्यक्ष ऋतुप्राप्तीनंतर, मुहूर्त साधून किंवा जांवई परगांवीं असल्यास बऱ्याच उशीरां होई; म्हणून खर्चाची तारीख ही अलीकडची मर्यादा समजावी. तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. असे कागद देशपांडे, देशमुख, जोशी, सावकार यांच्या घरीं मिळावयाचे. आणि त्या घरांतील मुलींस दुष्काळांतहि दोन वेळां अन्न मिळे. कुणब्याच्या, महाराच्या, कोरकूच्या मुलीची पत्रिका कोणीं मांडली नाहीं.

तिच्यासाठीं आपणांजवळ दोनच साधनें उरतात. एक, वऱ्हाड-नागपुरांत कोतवाल-बुकें म्हणून ओळखलीं जाणारीं जन्ममृत्यूचीं गांवदप्तरें. त्यांत बापाचें नांव, जात व मूल मुलगा कीं मुलगी एवढेंच बहुधा असतें. मुलाचें नांवहि नसतें. आज जातीच्या दाखल्यासाठीं त्यांची फार शोधाशोध होते, परंतु इतिहासाचें साधन म्हणून त्यांचीं पानें क्वचितच कोणी उलटतो. दुसरें साधन म्हणजे हाड. पत्रिका सुखवस्तूंची साक्ष देते, हाड उपाशी माणसाची. आणि ज्या प्रदेशाच्या उत्तरेस मेळघाटांतील कुपोषणाची बातमी अजून जुनी झालेली नाहीं, तेथें ही दुसरी साक्ष केवळ इतिहासाची म्हणतां येत नाहीं.

एकाच गांवचीं हीं तिन्ही साधनें शेजारीं ठेवतां आलीं तर मात्र कांहीं ठाम सांगतां येईल. सुखवस्तु घरांतील मुली कोणत्या वर्षीं वयांत येत, तें पत्रिका व कीर्द सांगतील. सुकाळाच्या व दुष्काळाच्या सालांत किती मुलें जन्मलीं व किती दगावलीं, तें कोतवाल-बुक सांगेल. कधीं काळीं पांढरीच्या टेकाडांत योग्य रीतीनें उत्खनन होऊन अस्थि मिळाल्यास, दांत व हाडें यांतील अंतर बाकीच्यांची कथा सांगेल. यांपैकीं पहिलें साधन सर्वांत लवकर नाहींसें होत आहे. जुना वाडा विकतांना पोथ्या निदान कोणी तरी मागून नेतो. परंतु मृत झालेल्या बायकांच्या पत्रिका नदींत सोडण्यांत येतात आणि कीर्दी रद्दीवाल्याच्या तागडींत जातात, कारण त्यांत ‘इतिहास’ नाहीं अशी आपली समजूत.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति आहे कीं, असें दप्तर हातीं आल्यास प्रत्येक मुलीमागें चारच गोष्टी टिपून ठेवाव्या : जन्माची तिथि व शक, ऋतुशांतीची किंवा न्हाणाच्या खर्चाची मिति, विवाहाची मिति, आणि पहिल्या अपत्याचा जन्म. गांव व घराण्याचा धंदा जोडावा. मुलीचें नांव प्रसिद्ध करण्याचें कारण नाहीं. एका घराण्याच्या पांच-सात नोंदींनीं कांहीं सिद्ध होणार नाहीं, परंतु शंभर घराण्यांच्या नोंदींनीं होईल.

चर्मांकाच्या ८००० भूमि मोजणाऱ्या राजपुरुषांनीं आपलें काम चोख केलें, म्हणून पंधराशें वर्षांनीं आपण भोजकटाची हद्द शोधूं शकतों. त्या भूमीवर वाढलेल्या मुलींचें माप घेण्याचें काम कोणीं केलें नाहीं. जें थोडें न कळत घडून गेलें, तें जुन्या पेट्यांच्या तळाशीं, लाल शाईनें आंखलेल्या कुंडल्यांत व खर्चाच्या वह्यांत, अद्याप वाचणाऱ्याची वाट पाहत आहे.